धाप लागलेले इंजिन

म्हैसूरहून कोळ्ळेगाळकडे निघालेला रस्ता तीसेक किलोमीटर गेल्यावर टी. नरसीपूर या गावी नदीला भेटतो. गावाचे पुरते नाव तिरुमकूडलु नरसीपूर. कावेरी आणि कबिनी या दोन नद्यांचा येथे संगम होतो, आणि स्फटिक सरोवर नावाचा तिसरा, डोळ्यांना न दिसणारा प्रवाह त्यांना येथेच मिळतो अशी श्रद्धा असल्यामुळे या स्थळाला दक्षिणेची त्रिवेणी मानतात. नदीकाठी गुंजा नरसिंहाचे व अगस्त्येश्वराचे देऊळ आहे. १९८९ सालापासून साधारणतः दर तीन वर्षांनी येथे कुंभमेळाही भरू लागला आहे. देवदर्शनाला येणाऱ्याला एवढे पुरते. परंतु गावाचा संसार चालतो तो भात आणि ऊस यांवर; आणि गावाला रेल्वे नसल्यामुळे पिकलेले सारे बाहेर जाते ते मालमोटारींच्या पाठीवरून.

अशी एक मालमोटार कल्पावी. कोल्हापूरच्या ओतशाळांमधून निघालेले पंपांचे सुटे भाग घेऊन ती कोळ्ळेगाळला गेली, तेथे रिकामी झाली आणि परतीच्या वाटेवर नरसीपुरात भाताची पोती भरून म्हैसूरकडे वळली. जाताना गाडी कुरकुरली नव्हती. गाव सोडून चार किलोमीटर होतात न होतात तोच चालकाच्या ध्यानात आले की, पाय पुरता दाबूनही गाडी ओढत नाही. ज्या चढावर एरव्ही चौथ्या गिअरात सहज जायचे तेथे तिसरा पुरत नाही. मागे काळा धूर निघतो आहे. गाडी बंद पडत नाही, खडखडत नाही, तापतही नाही. तिला फक्त धाप लागली आहे.

जाताना हे का कळले नाही, याचे उत्तर भूगोलात आहे. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरांहून थोडे अधिक उंच आहे, तर नरसीपूर नदीच्या पात्रालगत त्याहून शंभरावर मीटर खाली. हा काही खंबाटकीचा घाट नव्हे. रस्त्याने जाणाऱ्याला तो उतार जाणवतही नाही. पण उतरतीला अर्ध्या ताकदीचे इंजिनही भागवून नेते, आणि परतीच्या वाटेवर, पाठीवर ओझे असताना, तेच इंजिन उघडे पडते. इंजिनाची दुर्बलता कळते ती ओझ्याखाली. ही गोष्ट पुढच्या साऱ्या विवेचनाचा पाया आहे, कारण जागेवर उभ्या, फुरफुरणाऱ्या गाडीत हा दोष शोधू पाहणाऱ्याला तो बहुधा सापडत नाही.

चालक गाडी वळवून गावातल्या मिस्त्रीकडे आणतो आणि उतरताच निदानही सांगून टाकतो : “मिस्त्री, टर्बो गेला. नवा टाकून द्या.” रस्त्यावरच्या दहापैकी नऊ चालक हेच म्हणतील. टर्बो हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे, तो महाग आहे हेही सर्वांना ठाऊक आहे, आणि महाग वस्तूच बिघडली असणार अशी मनुष्याची एक चमत्कारिक समजूत असते.

विहिरीवर टुक्‌टुक् करणारे ऑइल इंजिन महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यापासून पुढे १९४६ साली पुण्यात निघालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सपर्यंतचा तो इतिहास आहे. म्हैसूर राज्यातही हरिहर येथे १९४१ साली म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना निघाला होता आणि त्याची लेथयंत्रे देशभर गेली. विहिरीवरचे ते जुने इंजिन आपला श्वास आपणच घेत असे. दट्ट्या खाली आला की सिलिंडरात पोकळी होई, आणि भोवतालची हवा आपल्या वजनाने आत शिरे. हवा जेवढी आत येईल तेवढेच तेल जळणार. एक किलो डीझेल पुरते जळण्यास साडेचौदा किलोंच्या आसपास हवा लागते, आणि प्रत्यक्षात धूर होऊ नये म्हणून तिच्याही पुष्कळ वर द्यावी लागते. तेल ओतणे सोपे असते, हवा पुरवणे कठीण. इंजिनाच्या ताकदीची मर्यादा हवेने ठरते.

मध्यम मालमोटारीचे पावणेसहा-सहा लिटरांचे इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असेल, तर ते केवळ आपल्या आकारमानाने मिनिटाला सात घनमीटरांहून अधिक हवा ओढते. तीन मीटर लांब, तीन रुंद आणि तीन उंच अशी खोली असावी, तर तिच्यातली सारी हवा चार मिनिटांत संपली. टर्बो हीच हवा दाबून, जवळजवळ दुप्पट वजनाची करून आत घालतो.

ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत पुष्कळ शक्ती वाया जाते. त्या वायूंनी एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावे आणि त्याने ताजी हवा दाबून सिलिंडरात घालावी, एवढीच ती युक्ती. इंजिनाने टाकलेल्या श्वासाने त्याचाच पुढचा श्वास भरायचा. युक्ती सोपी, पण तिला साजेसे धातू आणि बेअरिंगे मिळायला वीस वर्षे गेली. १९२०च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना हे यंत्र जोडले, तेव्हा साडेसतराशे अश्वशक्तीची इंजिने अडीच हजारांवर गेली. दरम्यान १९१८ साली अमेरिकेत चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर एक विमानाचे इंजिन नेऊन पाहिले होते : सपाटीवर साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथल्या विरळ हवेत दोनशे तीसवर आले, आणि टर्बो जोडताच पुन्हा साडेतीनशेवर चढले. भारतीय रेल्वेवर १९६०च्या दशकात आलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डीझेल इंजिनांची सव्वीसशे अश्वशक्ती टर्बोच्याच जोरावर होती. त्यांची ती चढत जाणारी शीळ फलाटावर उभ्या असलेल्या पुष्कळांच्या कानांत अजून असेल.

मालमोटारीतला टर्बो याहून फार लहान, मूठभर चाकाचा. तो लहान असल्यामुळेच मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. एका बाजूला सहाशे अंशांहून तप्त वायू, दुसऱ्या बाजूला हवा, आणि मध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगणारा दांडा. दाबलेली हवा तापते, दीडशे अंशांच्या घरात जाऊ शकते. तापलेली हवा पुन्हा विरळ होते, म्हणून ती रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या इंटरकूलरमधून निववून मग इंजिनात सोडतात. या सगळ्या प्रवासात रबराचे होजपाइप, त्यांचे क्लॅम्प, जोड, नळ्या असा दीड-दोन मीटरांचा मार्ग असतो. संगमावरचा तिसरा प्रवाह जसा दिसत नाही, तसा हाही प्रवाह दिसत नाही. डीझेल गळले तर जमिनीवर डाग पडतो. हवा गळली तर काहीच दिसत नाही.

आता मिस्त्रीकडे वळावे. जाणता मिस्त्री टर्बोला प्रथम हात लावीत नाही. तो आधी चाकांना हात लावून पाहतो. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिला असेल तर ते चाक इतरांहून तापलेले असते, आणि गाडी ओढत नाही याचा दोष इंजिनाकडे नसतोच. मग तो क्लच पाहतो : इंजिनाचे फेरे चढतात आणि गाडी मात्र चढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. मग ॲक्सिलरेटर पुरता दाबल्यावर पंपावरचा दांडा शेवटपर्यंत जातो की नाही हे पाहतो. पायाखालची चटई पेडलखाली आली म्हणून ताकद गेलेल्या गाड्याही गॅरेजात येतात. या तिन्ही गोष्टींना दहा मिनिटे पुरतात, एक पैसा लागत नाही.

यानंतर तो चालकाला विचारतो, “दादा, धूर कसला येतो?”

या एका प्रश्नात अर्धे निदान आहे. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. तेल येते आहे, हवा पुरत नाही. अशा वेळी शोध हवेच्या वाटेने घ्यावा. परंतु ताकद नाही आणि धूरही नाही, गाडी अगदी स्वच्छ पण मलूल चालते, तर तेलच कमी येते आहे. तेव्हा शोध डीझेलच्या वाटेने घ्यावा. निळा धूर वंगण तेल जळत असल्याचे सांगतो. तापलेल्या इंजिनातून येणारा पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर बहुधा डीझेल न पेटता बाहेर पडत असल्याचे चिन्ह असते.

येथेच नवशिके फसतात, आणि पुष्कळदा अनुभवीही. दाबमापक लावून पाहिला, टर्बोचा दाब सव्वा किलो हवा तेथे अर्धा किलोच निघाला, म्हणजे टर्बो वाईट असा निष्कर्ष काढला जातो. पण टर्बोला स्वतःची शक्ती नसते. त्याला फिरवतो तो जळलेला वायू. डीझेलचा फिल्टर तुंबला, टाकीतली जाळी गाळाने भरली, ओढनळीच्या जोडातून हवा शिरू लागली, तर तेल कमी जळते. तेल कमी जळले की वायू कमी व थंड निघतात. वायू कमी निघाले की टर्बो मंद फिरतो. आणि टर्बो मंद फिरला की दाब पडतो. दाब कमी असणे हे अशा वेळी रोगाचे कारण नसून परिणाम असते. अशा गाडीला नवाकोरा टर्बो बसवला तरी मापकाचा काटा जागचा हलत नाही. मालकाचे पैसे गेले, गाडीचे दोन दिवस गेले, आणि ज्या फिल्टरने हे सारे केले तो आपल्या जागी सुखरूप. दाबाचा आकडा धुराच्या संगतीनेच वाचावा : दाब कमी आणि धूर काळा तर हवा; दाब कमी आणि धूर नाही तर डीझेल.

या नियमालाही एक अपवाद आहे. पुष्कळ जुन्या पंपांवर एक छोटी डबी असते. तिच्यात रबरी पडदा असतो आणि एका बारीक नळीने टर्बोचा दाब त्या पडद्यावर येतो. दाब चढला की पडदा सरकतो व पंपाला अधिक तेल सोडू देतो. दाब नसला तर तेल आवरून धरतो, म्हणजे धूर होत नाही. सोय चांगली आहे. पण ती बारीक नळी तुटली, किंवा पडदा फाटला, तर टर्बो ठणठणीत असूनही पंपाला वाटते की हवा आलेलीच नाही. गाडी मलूल होते, धूर मुळीच नसतो, आणि दोष असतो एका वीतभर नळीत. गॅरेजातल्या गोष्टींत ही गोष्ट फार सांगितली जाते, कारण तिच्यात शहाण्यांची फजिती आहे.

आपल्या कल्पनेतल्या गाडीचा धूर काळा होता. तेव्हा हवेच्या वाटेने जावे.

वाट सुरू होते ती फिल्टरपाशी. दक्षिण कर्नाटकातल्या रस्त्यांची एक लकब येथे सांगण्यासारखी आहे. सुगीच्या दिवसांत शेतकरी नाचणी, हुलगे यांची कापलेली झाडे डांबरी रस्त्यावर पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी फुकट होते. पोलिसांना ते आवडत नाही, मोटारसायकलवाले घसरून पडतात, पण प्रथा काही जात नाही. अशा पंचवीस-तीस पसाऱ्यांवरून गेलेल्या गाडीच्या फिल्टरात भुसा बसतोच. आणि त्याहून लबाड गोष्ट अशी की, तो इंटरकूलरच्या बारीक पाळ्यांमध्येही बसतो. तेव्हा दाबमापक दाब बरोबर दाखवतो, पण हवा निवत नाही, आणि तापलेल्या विरळ हवेने ताकद मात्र उतरते. नरसीपूरच्याच तालुक्यात तळकाड आहे. तेथे कावेरीकाठच्या वाळूने देवळेच्या देवळे गाडून टाकली. फिल्टरची बैठक सैल असली तर अशी बारीक वाळू आत जाते आणि लाखभर फेरे घेणाऱ्या चक्राच्या पात्यांची धार हळूहळू खाऊन टाकते. फिल्टर झटकून पुन्हा बसवणारे मिस्त्री ठिकठिकाणी आहेत. हवेच्या झोताने फिल्टर साफ करताना त्याचा कागद फाटला, तर जुन्या घाणेरड्या फिल्टरपेक्षा तो अधिक घातक ठरतो, हे त्यांना सांगूनही पटत नाही.

फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी नळा हाताने दाबून पाहावा. तो जुना होऊन मऊ पडला असेल, तर उभ्या गाडीत गोल दिसतो आणि ओझ्याखाली, आतल्या ओढीने, चपटा होतो. असा दोष गॅरेजात कधीच दिसत नाही, चढावरच दिसतो.

टर्बोच्या पुढचा मार्ग दाबाचा. येथे गळती शोधायची ती कानाने, बोटाने आणि डोळ्याने. गळक्या जोडापाशी तेलकट काळसर ओल असते, कारण हवेबरोबर वंगणाची थोडी वाफ वाहत असते व धूळ तिला चिकटते. चालकाला ओझ्याखाली नेहमीच्या शिळेऐवजी सूं असा आवाज आला असेल तर तोही पुरावा. पण खात्रीचा उपाय एकच : टर्बोच्या तोंडाला बूच लावायचे, त्यातून टायरची हवा भरतात तशी बेताच्या दाबाने हवा सोडायची आणि प्रत्येक जोडावर, प्रत्येक होजपाइपावर, इंटरकूलरच्या शिवणीवर साबणाचे पाणी लावत जायचे. पंक्चर शोधण्याची हीच रीत. प्रत्येक सायकलवाल्याला ती येते. तरीही मालमोटारीच्या गॅरेजात हा अर्ध्या तासाचा उद्योग करण्याऐवजी टर्बो काढून ठेवला जातो, याचे आश्चर्य वाटते.

गळती नाही, असे ठरले तर मग तप्त वायूंच्या बाजूला जावे. मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्यामधल्या गॅस्केटातून वायू फुटत असतील तर तेथे काजळीची रेघ उमटलेली असते. तो वायू टर्बोला न फिरवताच निसटला. टर्बोच्या पुढे वाट अडली असेल तर तीही तितकीच वाईट. घाटात उतरताना वेग आवरण्यासाठी मालमोटारींना एग्झॉस्ट ब्रेक असतो, म्हणजे धुराच्या नळीतली एक झडप. ती काजळीने अर्धी मिटलेली राहिली, तर इंजिन तोंडावर हात धरलेल्या माणसासारखे चालते. सायलेन्सरच्या आतला पत्रा सुटून आडवा पडला तरी तेच. आणि टर्बोवर एक सुरक्षा-झडप असते, दाब अति चढू लागला की वायूंना आडवाटेने सोडून देणारी. ती उघडी अडकून राहिली, किंवा तिची स्प्रिंग मऊ पडली, तर वायू सदैव त्याच आडवाटेने जातात. तिच्या डबीत मोजून हवा सोडावी आणि दांडा कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या दाबाला हलतो की आधीच, हे पाहावे.

एवढे सारे झाल्यावर टर्बोकडे यावे. गाडी बंद आणि थंड असताना नळा काढून चक्र बोटाने फिरवून पाहतात. येथे एक गैरसमज फार बोकाळला आहे. दांडा आडवा हलवला की किंचित हलतो. ते पाहून मिस्त्री मान हलवतो आणि म्हणतो, संपला. वास्तविक ही बेअरिंगे तेलाच्या थरावर तरंगणारी असतात. इंजिन बंद असताना तो थर नसतो, आणि थोडे आडवे हलणे हे निरोगी टर्बोचे लक्षण आहे. दांडा पुढे-मागे, म्हणजे आसाच्या दिशेने, बोटाला स्पष्ट जाणवेल इतका हलला, किंवा हलवल्यावर पाती घराच्या भिंतीला घासली, तर मात्र टर्बो खरोखरच गेला. पात्यांच्या कडा मुडपलेल्या असतील तर काहीतरी आत गेले होते. नळ्यांत तेल साचले असेल तर त्याचा दोषही सदैव टर्बोचा नसतो. टर्बोतून इंजिनात परतणारी तेलाची नळी तुंबली, तर तेलाला जायला जागा उरत नाही आणि ते बाजूच्या कड्यांमधून बाहेर येते. अशा गाडीला नवा टर्बो बसवा, तोही आठवड्याभरात गळू लागेल. तेलाची ही गळती हलकी समजू नये. ते वंगण पुरेशा प्रमाणात इंजिनात ओढले गेले तर डीझेल बंद केले तरी इंजिन त्या वंगणावरच धावत सुटते, वाढत्या वेगाने, आणि स्वतःला मोडून घेईपर्यंत थांबत नाही. तेव्हा हवेचे तोंड बंद करणे एवढाच उपाय उरतो. आणि तो हाताच्या तळव्याने करू जाणाऱ्याची बोटे जातात.

टर्बो खरोखर मरतो तेव्हा त्याला बहुधा कोणीतरी मारलेले असते. वेळेवर न बदललेले तेल, तेलाच्या नळीतला गाळ, फिल्टरातून सुटलेली वाळू, आणि चालकाची घाई. चढ चढून आलेली गाडी धाब्यासमोर उभी करून लगेच चावी फिरवली, तर तेलाचा पंप थांबतो. लालबुंद चक्राची उष्णता दांड्यावर येते आणि तेथे अडकलेले तेल करपून कोळसा होते. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवले की हे टळते. नवा टर्बो बसवताना हे मूळ कारण न शोधणारा मिस्त्री वर्षभरात आणखी एक टर्बो विकण्याची तजवीज करून ठेवतो. कधी अजाणता, कधी जाणूनही.

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत हे चित्र थोडे बदलले आहे. त्यांत दाब, उष्णता, हवेचे वजन मोजणारे सेन्सर आणि त्यांवर देखरेख करणारा संगणक असतो. काजळी धरून ठेवणारा गाळणा धुराच्या वाटेवर बसलेला असतो. तो तुंबला किंवा एखाद्या सेन्सरचा आकडा पटला नाही, की संगणक स्वतःच इंजिनाची ताकद उतरवतो. अनेक गाड्यांत टर्बोची पाती हलती असतात आणि काजळीने ती अडकली की दाब जागच्या जागी थिजतो. मिस्त्रीच्या हाती आता स्कॅनर आला आहे. तो पडद्यावर सांगतो की, टर्बोचा दाब अपेक्षेहून कमी. वाक्य खरे असते. पण ते तक्रारीचेच दुसऱ्या भाषेतले रूप आहे. चालक म्हणाला “ओढत नाही”, यंत्र म्हणाले “दाब कमी आहे”. का कमी आहे, हे पाहण्यासाठी पुन्हा त्याच होजपाइपांवर साबणाचे पाणी लावावे लागते. तो संकेतांक वाचून टर्बोची मागणी नोंदवणारी गॅरेजे शहरांत आहेत, आणि त्यांच्या भिंती चकचकीत असतात.

नरसीपूरच्या त्या गाडीखाली मिस्त्री पोत्यावर उताणा झाला. साबणाच्या पाण्याचा डबा पोराच्या हाती. वरचे सगळे जोड कोरडे, फिल्टर भुशाने धुरकटलेला पण तुंबलेला नाही. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणारा खालचा होजपाइप वरून धडधाकट दिसत होता. मिस्त्रीने बोटे त्याच्या पाठीमागून फिरवली, जेथे डोळा पोचत नाही, आणि क्लॅम्पच्या कडेलाच त्याला बोटभर चीर लागली. हवा सोडताच तिच्यावर साबणाचा फेस उकळल्यासारखा वर आला. क्लॅम्प कोणीतरी पूर्वी अति आवळलेला होता. त्याची कड रबरात रुतून बसली होती. उभ्या गाडीत ती चीर मिटलेली राही आणि दाब चढला की तोंड उघडी.

चालकाने वाकून ती पाहिली आणि विचारले, “एवढ्याने?”

“एवढ्याने,” मिस्त्री म्हणाला, आणि पोराला होजपाइप आणायला बाजारात पाठवले. त्या नेमक्या मापाचा मिळाला नाही. दुसऱ्या गाडीचा थोडा लांब मिळाला, तो कापून बसवला. नवा क्लॅम्प बेताने आवळला. जुना फिल्टरही बदलला, कारण तो उतरवलेलाच होता. मग पोती तशीच भरलेली ठेवून मिस्त्री चालकाशेजारी बसला आणि गाडी म्हैसूरच्या रस्त्याला त्याच चढावर घेऊन गेला, मापकाची नळी खिडकीतून आत ओढून. काटा सव्वा किलोवर जाऊन टेकला. धूर पातळ झाला. चालकाने चौथा गिअर टाकला आणि काही न बोलता तसाच पुढे गाडी नेऊ लागला, तेव्हा मिस्त्रीला त्याला आठवण करून द्यावी लागली की, आपल्याला गावात परत सोडायचे आहे.